पित्त म्हणून निजवलेलं दुखणं

मराठी घरात छातीत दुखायला लागलं की पहिला संशय जातो जेवणावर. संध्याकाळची भजी, लग्नातलं मसालेदार जेवण, उपवासाची साबुदाण्याची खिचडी, नाहीतर दुपारी तीनला पडलेला पहिला घास. मग कुणी ओवा आणि काळं मीठ हातावर ठेवतं, कुणी थंड दूध आणतं, कुणी फसफसणारी पुडी पाण्यात सोडतं. एक ढेकर आला की सगळ्यांनाच हायसं वाटतं. "पित्तच होतं बघ. पड जरा, सकाळी बघू." हृदयविकाराच्या झटक्यात सगळ्यात महाग पडतात ते हेच तास. अज्ञानापेक्षा त्यात माया जास्त असते, हे खरं आहे. आपल्या माणसाला काही गंभीर झालं असेल हे कुणाच्याच मनाला पटत नाही. पण हृदयाच्या स्नायूला ही माया समजत नाही.

पित्ताची आणि हृदयाची गल्लत होते, याला शरीराच्या रचनेतच कारण आहे. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर, टेकलेला असतो. पटलाच्या पलीकडे लगेच जठर. या खालच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी, बहुतेकांत ती उजवी असते, गुठळीने बंद पडली की दुखणं पोटाच्या वरच्या भागात जाणवतं, मळमळतं, उलटी होते. शिवाय हृदयाकडून आणि अन्ननलिकेकडून येणाऱ्या वेदना पाठीच्या कण्यात जवळपास त्याच पातळीवर पोचतात, त्यामुळे त्या नेमक्या कुठून आल्या हे मेंदूला नीट सांगता येत नाही. म्हणून ढेकर आल्यावर बरं वाटलं किंवा पित्ताची गोळी घेतल्यावर दुखणं कमी झालं, याने काहीच सिद्ध होत नाही. धमनीतली गुठळी कधी थोडी विरघळते, रक्त थोडं सुरू होतं, दुखणं उतरतं. अर्ध्या तासाने ती पुन्हा जमते. त्या मधल्या अर्ध्या तासाचं श्रेय मात्र ओव्याला मिळून जातं.

आत काय चाललेलं असतं? रक्त पूर्ण थांबल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायू मरायला सुरुवात होते. आधी सगळ्यात आतला थर, मग तिथून बाहेरच्या दिशेने, आणि काही तासांत भिंतीची पूर्ण जाडी. मेलेला स्नायू परत येत नाही, तिथे व्रण राहतो. पहिल्या तासा-दोन तासांत धमनी उघडलेला माणूस बहुधा काही आठवड्यांत जिने चढू लागतो. बारा तासांनी पोचलेला वाचला तरी पुढे अशक्त हृदय घेऊन जगतो. पायांवर सूज, उशीवर उशी ठेवून झोपणं, पाणी मोजून पिणं, हे त्याच्या वाट्याला येतं. आजार दोघांचा एकच असतो, फरक पडतो तो घरून निघायला लागलेल्या वेळाने.

दुखण्याची जात ओळखता येते, पण पूर्ण नाही. हृदयाचं दुखणं सुई टोचल्यासारखं क्वचितच असतं. लोक त्याला दडपण, जडपणा, आवळल्यासारखं, ऊर भरून आल्यासारखं म्हणतात. कुठे दुखतंय असं विचारलं तर ते एका बोटाने जागा दाखवत नाहीत, मूठ किंवा पूर्ण तळवा छातीच्या मधोमध ठेवतात. ते डाव्या हाताकडे, दोन्ही हातांकडे, जबड्यात, खालच्या दातांत, गळ्याशी किंवा दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत जातं. दोन-चार सेकंदांत जाणारी कळ, दाबल्यावर वाढणारं किंवा खोल श्वास घेतल्यावर टोचणारं दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता कमी. पण आम्ही आग्रहाने सांगू की ही वाटणी घरी करत बसू नका. सगळ्यात जास्त लक्ष द्यायची खूण म्हणजे थंड घाम. पंखा सुरू आहे, माणूस बसलेला आहे, तरी बनियन भिजलं आणि कपाळ गार पडलं, तर तिथे पित्ताची चर्चा थांबवावी.

बायका, म्हातारी माणसं आणि बरीच वर्षं मधुमेह असलेले यांच्यात छाती दुखेलच असं नाही. मधुमेहात वेदना नेणाऱ्या नसाच बोथट झालेल्या असतात. अशा माणसाला अचानक दम लागतो, विलक्षण थकवा येतो, ओकारी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि झटका एवढ्यावरच निघून जातो. घरातली बाई दिवसभर "आज काही करवतच नाही" म्हणत असेल, जबडा किंवा पाठ दुखत असेल, तर ते दगदगीवर टाकण्याआधी एक ईसीजी काढायला हवा. घरातल्या पुरुषासाठी रात्री गाडी काढली जाते. बाईसाठी सकाळची वाट पाहिली जाते, बहुतेक वेळा तिच्याच सांगण्यावरून. हे बदलायलाच हवं.

आता पहिली दहा मिनिटं. माणसाला बसवा, पाठीला टेकू द्या, गुडघे थोडे वर. चालवू नका, जिना उतरवू नका, "जरा फेऱ्या मार, गॅस मोकळा होईल" हे तर अजिबात नको. चालल्याने हृदयाची रक्ताची मागणी वाढते आणि पुरवठा तर आधीच तुटलेला असतो. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. फोनवर "छातीत दुखतंय आणि घाम येतोय" हेच शब्द आधी सांगा, पत्ता नंतर नीट, जवळच्या खुणेसकट. शहरात स्वतःची गाडी लवकर पोचणार असेल तर दुसऱ्या कुणीतरी चालवावी. दुखणाऱ्याने स्टीअरिंग किंवा दुचाकी हातात घेऊ नये.

अॅस्पिरिन घरात असावी. ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायची, गिळायची नाही, कारण चावल्यावर ती काही मिनिटांतच रक्तात उतरते. ७५ मिलिग्रॅमच्याच गोळ्या असतील तर चार चावायच्या. अॅस्पिरिनची अॅलर्जी, पोटातून रक्तस्राव, मेंदूत कधी रक्तस्राव झालेला, यांतलं काही असेल तर द्यायची नाही. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं असं काही दिसत असेल तरीही नाही, कारण तो पक्षाघात असू शकतो आणि तो रक्तस्रावाचा आहे की गुठळीचा हे स्कॅनशिवाय कळत नाही.

जिभेखालच्या गोळीबद्दल मात्र सावध राहावं. शेजारच्या आजोबांची सॉर्बिट्रेट आणून ठेवायची पद्धत अनेक इमारतींत आहे. ती रक्तवाहिन्या सैल करते आणि बीपी झपाट्याने खाली आणते. बीपी आधीच कमी असेल, हृदयाचा उजवा भाग झटक्यात सापडला असेल किंवा माणसाने गेल्या एक-दोन दिवसांत लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल, तर हीच गोळी त्याला कोसळवते. डॉक्टरांनी ज्याला लिहून दिली आहे त्यानेच घ्यावी, आणि बसून घ्यावी.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा "जोरजोरात खोकत राहा" हा सल्ला विसरून जा. तसंच लाल तिखटाच्या पाण्याचं. माणूस शुद्धीवर नाही, श्वास घेत नाही किंवा नुसता आचके देतोय, तर ते हृदय थांबणं आहे. तेव्हा त्याला कडक जमिनीवर आडवा करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवून दाबायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हात बहुतेकांचे इथेच चुकतात. घाईत लोक वरच्यावर थोपटल्यासारखं करतात किंवा छातीवरचा भार उचलतच नाहीत, मग हृदयात रक्त भरायला जागाच मिळत नाही. दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण दमलेल्या माणसाचे दाब उथळ होतात आणि ते त्याला स्वतःला कळत नाही.

कुठे जायचं हे आधी ठरलेलं असावं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ईसीजीचं यंत्र नसेल तर तिथे थांबण्यात अर्थ नाही. पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. पहिला ईसीजी नीट आला म्हणून घरी यायचं नाही. दुखणं सुरू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा, आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणीही काही तासांच्या अंतराने दोनदा करावी लागू शकते, कारण ते वाढायलाच वेळ लागतो. ईसीजीवर मोठा झटका दिसला आणि अँजिओप्लास्टीची (बंद धमनी नळीतून फुगा घालून उघडण्याची) सोय दोन तासांच्या आत नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या ठिकाणीच घेऊन मग पुढे निघणं योग्य. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने हा प्रश्न आजच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावा: ते इंजेक्शन इथे कुठे मिळतं, आणि रात्री मिळतं का? गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या सरकारी केंद्रांवर ईसीजी काढून तो हृदयतज्ज्ञांकडे पाठवायची आणि हे इंजेक्शन तिथेच द्यायची व्यवस्था उभी आहे. अशी साखळी जिथे आहे तिथे अंतराचा फटका बराच कमी होतो.

बऱ्याच जणांना झटक्याच्या आधी काही दिवस किंवा आठवडे हृदय सूचना देत असतं. भाजीची पिशवी घेऊन चढ चढताना, जेवणानंतर लगेच चालताना, थंडीत पहाटे बाहेर पडताना छातीत किंवा गळ्याशी दाटतं. थांबलं की दोन-पाच मिनिटांत जातं. चाललं की पुन्हा येतं. इतकं नियमाने वागणारं दुखणं पित्ताचं नसतं, पण ते थांबल्यावर जातं म्हणूनच दुर्लक्षित राहतं. माणूस नकळत चाल हळू करतो, लिफ्ट वापरू लागतो, वाटेत दुकानाशी थांबून फोन बघतो. घरच्यांनी हे टिपायचं. गेल्या दिवाळीत जे दोन जिने एका दमात व्हायचे, तिथे आता मध्ये थांबावं लागतंय का? असं दुखणं नव्यानेच सुरू झालं, वारंवार येऊ लागलं, कमी श्रमात येऊ लागलं किंवा बसल्या जागी आलं, तर ती त्याच दिवशी रुग्णालयात जायची गोष्ट आहे. आणि आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम सिंहगड चढणाऱ्यांना एकच सांगणं: चढताना छातीत काही वाटलं तर सोबत्यांना सांगा आणि थांबा, माथ्यावरची भजी पुढच्या वेळीही मिळतात.

याच्याही मागे गेलं की वर्षांचा हिशेब सुरू होतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने २००४ मध्ये दाखवलं की पहिल्या झटक्यांचा सुमारे ९० टक्के धोका नऊ मोजता येण्याजोग्या गोष्टींशी जोडलेला आहे. तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, ताण ही त्यांतली मोठी नावं. त्याच अभ्यासात दक्षिण आशियात पहिला झटका येण्याचं मधलं वय ५३ निघालं, इतरत्र ते जवळपास ५९ होतं. कर्ज फिटायच्या आणि मुलं हाताशी यायच्या वयातली ती सहा वर्षं. म्हणून पन्नाशीनंतर बघू म्हणणं आपल्याला परवडत नाही.

स्वयंपाकघरात उपदेशापेक्षा मोजमाप उपयोगी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट छोटा चमचाभर. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा पन्नास दिवस पुरला पाहिजे. पुड्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. तो तीन आठवड्यांत संपला तर उत्तर समोर आहे, आणि त्यात लोणचं, विकतचा फरसाण, सॉस धरलेलेच नाहीत. पापडात मिठाशिवाय पापडखारातलं सोडियमही असतं. कोकणात सुकी मासळी पावसाळ्याचा आधार आहे. ती दोन-तीनदा पाणी बदलून भिजवली की बरंच मीठ निघून जातं. सैंधव मीठ हेही मीठच, बीपीला दोन्ही सारखेच. पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ चांगलं, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि बीपीच्या काही ठराविक गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि हो, ती फसफसणारी पित्ताची पुडी. तिच्यातही भरपूर सोडियम असतं, रोज रात्री घेणाऱ्या बीपीच्या माणसाला ती चांगलीच नडते.

ज्याला मिठाची सवय आहे त्याने एकदम तोडू नये. आठवड्याला थोडं थोडं कमी करत गेलं तर जीभ साधारण महिन्या-दीड महिन्यात जुळवून घेते. तोवर आमसूल, लिंबू, लसूण, कोथिंबीर, जिऱ्याची पूड हात देतात. ताटात मिठाची वाटी ठेवायची नाही, एवढ्यानेही फरक पडतो.

तेलाचाही असाच हिशेब. माणशी दिवसाला तीन छोटे चमचे, म्हणजे चार जणांना महिन्याला दोन लिटरच्या आत. किटलीतून थेट कढईत ओतलं की हे कधीच जमत नाही, चमच्याने घालायची सवय लावावी लागते. फोडणी एका चमच्यात होते, मोहरी तडतडायला तेवढं पुरतं. रश्श्यावरचा तवंग चवीचा असतो हे मान्य, पण तो सणावारी. वरणभातावरचं साजूक तूप याच तीन चमच्यांत मोजायचं. ज्या तेलात एकदा पुऱ्या तळल्या ते गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवावं, पुन्हा पुन्हा धूर येईपर्यंत तापवू नये. फरसाण, खारी आणि बेकरीची बिस्किटं स्वस्त का असतात, हे त्यांच्या पाकिटावरचं वनस्पती तेलाचं नाव वाचलं की कळतं.

आपल्याकडचं जुनं ताट मुळात चांगलं आहे. ज्वारीची भाकरी, मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, ताक. बिघडतो तो त्याचा तोल: भात दोनदा, भाजी डावभर. भाजीची जागा ताटात अर्धी करा, बाकीचं आपोआप आवरतं. जवसाची चटणी रोज चमचाभर, मीठ कमी घालून. मासे खाणाऱ्यांना बांगडा आणि तारली हे महागड्या माशांपेक्षा हृदयाला जास्त उपयोगी आहेत, फक्त रव्यात तळण्याऐवजी कालवणात.

तंबाखूबद्दल मऊ बोलता येत नाही. विडी-सिगारेटच्या धोक्यावर आता सहसा कुणी वाद घालत नाही, पण मळलेली तंबाखू आणि मिश्री यांना अजूनही निरुपद्रवी समजतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, मिश्री मात्र घरात तव्यावर भाजली जाते आणि सकाळी दात घासायच्या नावाखाली हिरडीतून निकोटिन शरीरात जातं. नाडी वाढते, बीपी चढतं, धमन्या आकसतात. इंटरहार्टमध्येच तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. सोडताना पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण जातात: चिडचिड, डोकं दुखणं, शौचाला साफ न होणं. त्या दिवसांत बद्धकोष्ठासाठी इसबगोल आणि सकाळी कोमट पाणी हाताशी ठेवावं, कारण "तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही" हेच परत सुरू करायचं सगळ्यात मोठं कारण असतं. दोन ते चार आठवड्यांत ही तगमग बरीच ओसरते.

बीपी दुखत नाही. मान दुखली म्हणून बीपी वाढलं आणि डोकं शांत आहे म्हणून बीपी नॉर्मल, असं काही नसतं. घरी मोजायचं तर दंडाचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर सरळ, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या किंवा ब्लाऊजच्या बाहीवरून नाही. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वाढतो, पायावर पाय टाकला किंवा मध्ये बोललं तरी वाढतो. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर सोडून, असं सात दिवस लिहा. पहिला दिवस वगळून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्यापेक्षा जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि गोळी सुरू झाल्यावर आकडा १२०/८० आला म्हणून ती बंद करू नका. तो आकडा त्या गोळीनेच आलेला असतो.

चालणं आठवड्याला किमान १५० मिनिटं, अशा वेगाने की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. जे आज काहीच करत नाहीत त्यांनी दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. पोटाचा घेर बेंबीच्या आसपास, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचा. भारतीय पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की वजनकाटा काहीही म्हणो, काळजी घ्यायची वेळ झाली.

स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवलेल्यांसाठी एक गोष्ट जीवनमरणाची आहे. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत, साधारण वर्षभर, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. "उष्ण पडतात" म्हणून, दात काढायचा म्हणून, कुणीतरी ब्लॉकेज विरघळवणारा काढा दिला म्हणून त्या परस्पर बंद झाल्या की स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो. दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा, ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलतील.

रक्ताच्या नात्यात पुरुषाला ५५च्या आत किंवा बाईला ६५च्या आत झटका आला असेल, तर घरातल्या मुलांचं कोलेस्टेरॉल विशीतच तपासून घ्यावं. सोबत आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातलं चरबी वाहून नेणारं एक प्रथिन. ते आहारापेक्षा आनुवंशिकतेने ठरतं आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीत दिसत नाही. चाळिशीत धडधाकट असताना काढलेला एक ईसीजी फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे कधी रात्री रुग्णालयात जायची वेळ आली तर जुना कागद शेजारी ठेवून नवा बदल कोणता हे डॉक्टरांना लगेच कळतं. त्याचा, चालू गोळ्यांच्या यादीचा आणि कशाची अॅलर्जी आहे त्याचा फोटो फोनमध्ये असू द्या, आणि त्या फोनचं लॉक घरातल्या आणखी एका माणसाला उघडता आलं पाहिजे.